बोटं गेली, ठेकेदाराने स्टॅम्प पेपरवर सही घेतली, आता भरपाई मिळते का?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. विचारणाऱ्याचा मोठा भाऊ बुटीबोरी एमआयडीसीत पॉवर प्रेसवर सेटर (मशीनवर डाय म्हणजे साचे बसवणारा) होता, ठेकेदाराकडून लागलेला, वय ३५. पगार २४ हजार, त्यातले १४ हजार बँकेत आणि १० हजार हातात. मार्च २०२५ मध्ये उजवा हात प्रेसमध्ये आला, तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं, अनामिका आहे पण वळतच नाही. दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं, ठेकेदाराने ४० हजार दिले आणि ५०० च्या स्टॅम्प पेपरवर 'आता माझं काही घेणं नाही' असं लिहून सही घेतली. आता कंपनी म्हणते हा आमचा माणूसच नाही, ठेकेदार म्हणतो सेफ्टी गार्ड त्यानेच काढला होता, इन्शुरन्सवाले २० टक्क्यांच्या वर जायला तयार नाहीत, आणि वरून ११ हजारावर गेटवर बसायची नोकरी देतो म्हणून राहिले.

मी नागपूरच्या लेबर कोर्टात कामगारांच्याच बाजूने केसेस चालवतो, त्यामुळे माझं बोलणं थोडं एकतर्फी वाटेल, चालेल. पण एक सांगतो भाऊ, या पाच गोष्टींपैकी चार निव्वळ तुम्हाला दमवायसाठी आहेत. खरं भांडण फक्त टक्क्याचं आहे, म्हणजे कमाईची क्षमता किती टक्के गेली याचं. लोक उलटं करतात, स्टॅम्प पेपर पाहून घाबरतात, गार्डवरून वर्षभर वाद घालतात आणि टक्का मात्र समोरचा सांगेल तो मान्य करून मोकळे होतात.

स्टॅम्प पेपरचं आधी संपवू. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, त्याच्या कलम १७ मध्ये सरळ लिहिलं आहे की कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार रद्दबातल. त्यावर नोटरीचा शिक्का असो का गावच्या सरपंचाची सही असो, काही फरक पडत नाही. आपसात तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद कमिशनरकडे (या कायद्याखाली भरपाई ठरवणारा अधिकारी) करावी लागते, आणि ती नोंद केली नाही तर कलम २९ प्रमाणे मालकाला पूर्ण भरपाई तर द्यावीच लागते, शिवाय आधी दिलेल्या रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त वजा करता येत नाही, कमिशनरने वेगळं सांगितलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे ते ४० हजार आहेत न, त्यातले २० हजारच कापता येतील. हे बऱ्याच वकिलांनाही माहीत नसतं, ते आपणहून ४० वजा करून अर्ज टाकतात. आणि दवाखान्याचं बिल तर अजिबात वजा होत नाही, उपचाराचा खर्च भरपाईत धरायचाच नाही असं कलम ४ मध्येच आहे, उलट २०१० पासून उपचाराचा खरा खर्च देणं ही मालकाचीच जबाबदारी झाली. तर तो कागद फाडू नका, त्याची झेरॉक्स अर्जाला लावा. कामावरच्या जखमेसाठी ४० हजार दिले हे त्या कागदावर ठेकेदाराने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आता 'ठेकेदाराचा माणूस' हे. कलम १२ बघा. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं आणि ते काम कंपनीच्या ताब्यातल्या जागेत होत असेल, तर कंपनी थेट जबाबदार, जणू तिने स्वतः माणूस ठेवला. नंतर तिने ठेकेदाराकडून वसूल करावं, ते त्यांचं आपसातलं. प्रेस शॉप हेच ज्या कारखान्याचं काम, तिथे सेटर म्हणजे बाहेरचा माणूस असं कोणताच कमिशनर ऐकत नाही. दोघांनाही पार्टी करा, आणि पॉलिसी असेल तर इन्शुरन्स कंपनीला तिसरी पार्टी. पॉलिसी कुठून मिळणार म्हणाल तर मोठ्या कंपन्यांत ठेकेदाराला डब्ल्यूसी पॉलिसीची (कामगार भरपाईचा विमा) कॉपी दिल्याशिवाय सहसा गेट पासच मिळत नाही, म्हणजे ती एचआरच्या फाईलमध्ये पडलेली असते. कोर्टातून ती हजर करायला लावता येते.

पुरावा म्हणून लोक अपॉइंटमेंट लेटर शोधत बसतात, ते ठेकेदाराकडे कधीच नसते. त्याऐवजी गेट पास, कँटीनची कूपनं, सेफ्टी ट्रेनिंगच्या कागदावरची सही, पीएफचं पासबुक, आणि सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे 'उद्या बी शिफ्टला या' असले मेसेज जपा. ग्रुपमधून तुमच्या भावाला काढलं असेल तरी फोनमध्ये जुनं राहतं, फोन बदलायच्या आधी ते एक्सपोर्ट करून घ्या. आणि आजच डिस्चार्ज कार्ड काढून पहा, त्यावर इजा कशी झाली म्हणून लिहिलं आहे? कंपनीचा माणूस सोबत असला की प्रायव्हेट दवाखान्यात कधी कधी 'घरी पडला' असं लिहून येतं. तसं असेल तर पहिल्या दिवशीचे केसपेपर आणि एमएलसी (पोलिसांसाठी दवाखाना करतो ती नोंद) मागा, रक्त वाहत असताना पहिला डॉक्टर जे लिहितो ते सहसा खरं असतं.

गार्डवर फार वेळ घालवत नाही. कायद्यात मालकाला तो बचाव आहे, पण कामगाराने 'जाणूनबुजून' गार्ड काढला हे मालकाला सिद्ध करावं लागतं, नुसता निष्काळजीपणा चालत नाही. प्रेस शॉपमध्ये गार्ड काऊन काढलेले असतात हे सगळ्यांना माहीत आहे, प्रॉडक्शन निघत नाही म्हणून सेन्सर बायपास करून ठेवतात आणि शिफ्ट इन्चार्ज तेच पाहत फिरतो. बरोबरच्या एका पोट्ट्याची साक्ष मिळाली तर उत्तम, पण तो तिथेच नोकरीला असेल तर आग्रह करू नका, त्याचंही पोट आहे. त्यापेक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर ऑफिसात माहितीचा अधिकार टाका. ४८ तासांपेक्षा जास्त काम बंद पडेल अशा अपघाताची सूचना कारखान्याने त्यांना द्यायचीच असते. दिली असेल तर त्यात तुमच्या भावाचं नाव आणि मशीन लिहिलेलं असेल, आणि दिलीच नसेल तर तेही एक उत्तरच.

पगाराचा मुद्दा मात्र गुंतागुंतीचा आहे, जरा नीट वाचा. भरपाईच्या हिशेबात पगार कितीही असो, १५ हजारांपर्यंतच धरतात, जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ८ हजार होती. म्हणजे २४ हजार सिद्ध केले तरी हिशेब १५ वरच, आणि बँकेतले १४ च धरले तरी फरक एका हजाराचा. मग हातातले १० हजार सिद्ध करायला का धडपडायचं? दोन कारणं आहेत. एक म्हणजे ईएसआयसी. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कारखान्यात १० किंवा जास्त लोक असतील तर कामगार राज्य विम्यात येतो, आणि विम्यात येणाऱ्याला ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे कमिशनरकडे भरपाई मागताच येत नाही. इथे लोकांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत, कमिशनरकडे केस चालवली आणि शेवटी निघालं की जायचं होतं ईएसआयसीत. २४ हजारवाला तुमचा भाऊ विम्याच्या बाहेर, म्हणून कमिशनरकडे जाता येतं. पण ठेकेदार कोर्टात म्हणेल की पगार १४ च होता.

म्हणू द्या. १४ हजार म्हटलं की पुढचा प्रश्न, मग ईएसआयसीत नाव का नाही टाकलं आणि वर्गणी का नाही भरली? वर्गणी मालकाने भरली नाही म्हणून कामगाराचा विमा जात नाही, वर्गणी 'देय' होती एवढं पुरे, सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये भारगथ इंजिनिअरिंगच्या केसमध्ये हेच सांगितलं आहे. मग ईएसआयसी तुमच्या भावाला लाभ देईल आणि तो खर्च मालकाकडून वसूल करेल. आणि तो लाभही कमी नाही, तिथे एकरकमी नाही तर कमाईच्या क्षमतेचा जितका टक्का गेला त्या प्रमाणात दर महिन्याला जन्मभर मिळतं. थोडक्यात पगार जास्त सांगितला तर कमिशनर, कमी सांगितला तर ईएसआयसी, दोन्हीकडून सुटायला वाट नाही. म्हणून मी अशा केसमध्ये अर्जात २४ हजार स्पष्ट लिहितो, हातातल्या पैशाच्या चिठ्ठ्या, हजेरीचे फोटो, जे असेल ते लावतो, आणि समोरच्याने लेखी जबाबात १४ म्हटलं की त्या जबाबाची कॉपी घेऊन गणेशपेठेतल्या ईएसआयसी ऑफिसात लेखी तक्रार द्यायला सांगतो. त्यानंतर बऱ्याच ठेकेदारांना अचानक २४ हजार आठवतात.

दुसरं कारण टक्क्याशी जोडलेलं आहे, ते खाली गेटवरच्या नोकरीपाशी सांगतो.

हिशेब असा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. ३५ वर्षांना तो १९७.०६ आहे. १५ हजारांचे ६० टक्के ९ हजार, गुणिले १९७.०६, झाले १७,७३,५४०. हे शंभर टक्क्यांचं. वय कमी तर आकडा मोठा, ३० ला २०७.९८ आणि ४० ला १८४.१७, म्हणून आधारवर १ जानेवारीची अंदाजे जन्मतारीख असेल तर शाळेची टीसी काढा. आता इन्शुरन्सवाले कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (कोणत्या इजेला किती टक्के याचा तक्ता) बोट ठेवून म्हणून राहिले की एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के, झाले ३,५४,७०८, घ्या आणि मोकळे व्हा.

त्यातलं पहिलं भोक म्हणजे अनामिका. अनुसूचीच्या खाली टीप आहे की एखाद्या अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला तर तो अवयवच गेला असं धरायचं. बोट जागेवर आहे पण वळतच नाही, तर ते गेलंच. तीन बोटांना ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२. एका टिपेने पावणेदोन लाखांच्या वर फरक पडला. पण यासाठी डॉक्टरने 'कडक आहे' किंवा 'हालचाल कमी' असं लिहून चालत नाही, 'वापर पूर्णपणे व कायमचा गेला' हेच यायला पाहिजे, अर्थात खरंच तसं असेल तर. थोडंफार वळत असेल तर खोटं लिहून घेऊ नका, उलटतपासणीत समोरचा वकील कोर्टातच हात पुढे करायला लावतो.

दुसरं म्हणजे अनुसूची ही कमीत कमी रेषा आहे का शेवटची, यावर भांडता येतं. सुप्रीम कोर्टाची १९७६ ची प्रताप नारायण सिंह देव यांची केस आहे, त्यात सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. अनुसूचीप्रमाणे पाहिलं तर ते अंशतः अपंगत्व, पण कोर्टाने म्हटलं सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून शंभर टक्के. प्रेस सेटरचं कामही तसंच मांडायचं, डाय बसवणं, बोल्ट आवळणं, शिम घालणं, हे सगळं उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनी-मधल्या बोटाच्या पकडीचं काम. त्यातली दोन बोटं गेल्यावर माणूस सेटर राहतच नाही. पण सावध रहा, त्याच कोर्टाने २००७ मध्ये मुबासिर अहमदच्या केसमध्ये सांगितलं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी, आणि आधार न देता मनाने टक्का वाढवायचा नाही. म्हणून नुसतं भाषण करून भागत नाही, कागद लागतो.

तो कागद म्हणजे मेडिकल नाहीतर मेयोतून (नागपूरचे सरकारी दवाखाने) काढलेलं अपंगत्वाचं सर्टिफिकेट नव्हे बरं का. ते काढा, एसटी सवलतीला आणि योजनांना कामी येतं, पण त्यावरचा टक्का शरीराचा असतो आणि बोटांच्या केसमध्ये तो बहुतेक वेळा कमीच दिसतो. इन्शुरन्सचा वकील तेच सर्टिफिकेट फडकवतो. तुम्हाला हाडांच्या डॉक्टरकडून वेगळा दाखला पाहिजे, ज्यात तुमचा भाऊ काय काम करायचा, त्याला कोणती पकड लागते, आता कोणती होत नाही आणि त्यामुळे कमाईची क्षमता किती टक्के घटली हे लिहिलेलं असेल. डॉक्टरकडे जाताना कामाचं वर्णन एका पानावर लिहून न्या, जमलं तर प्रेसवर डाय बसवतानाचा एखादा व्हिडिओ दाखवा, डॉक्टरला सेटर म्हणजे काय ते कुठून माहीत असणार. आणि आधीच विचारून घ्या की साक्षीला येणार का. दाखला देऊन साक्षीला न येणारा डॉक्टर काही कामाचा नाही, भले तो कितीही मोठा असो.

आता ती गेटवरची नोकरी. तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल की नोकरी घेतली तर केस कमजोर होते. पूर्वीच्याच पगारावर घेतलं असतं तर खरंच झाली असती, कंपन्या हे करतात, केस संपेपर्यंत पूर्ण पगार देऊन बसवतात, म्हणजे कोर्टात म्हणता यावं की याचं काय नुकसान झालं. पण इथे २४ वरून ११ हजार. माझ्या मते घ्या ती नोकरी, घर चालेल, आणि दर महिन्याची पगार स्लिप फाईलला लावा. त्याच मालकाने त्याच माणसाची किंमत निम्म्याहून खाली आणली याचा याहून चांगला पुरावा मी तयार करू शकत नाही. इथेच ते हातातले १० हजार सिद्ध करणं कामी येतं, कारण १४ वरून ११ ही घट कोणाच्या डोळ्यात भरत नाही. डॉक्टरने या आधाराने ५० टक्क्यांचा दाखला दिला आणि तो उलटतपासणीत टिकला तर रक्कम ८,८६,७७० होते. मिळेलच असं सांगत नाही, अनुसूचीतल्या इजेला अनुसूचीच्या वर जायला काही कमिशनर तयार नसतात. पण ३० टक्के पक्के धरून ५० साठी लढायसारखी केस आहे ही.

याशिवाय हात बरा होत होता त्या महिन्यांचं वेगळं, दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, १५ हजार धरून ३,७५०. मिळालं नसेल तर तेही मागा. आणि व्याज. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, महिन्याभरात दिली नाही की वर्षाला १२ टक्के साधं व्याज. ५,३२,०६२ वर वर्षाचे ६३ हजारांच्या वर होतात, म्हणून समोरचा तारखा घेतो तेव्हा फार चिडू नका. विनाकारण उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो, आणि हा दंड इन्शुरन्स कंपनी देत नाही, मालकाच्या खिशातून जातो. तडजोडीच्या टेबलावर मालक ढिला पडतो तो या दंडामुळे, त्यामुळे अर्जात दंडाची मागणी लिहायची विसरू नका.

मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमची मार्च २०२७ पर्यंत. उशीर माफ होतो पण कारण द्यावं लागतं, तिथपर्यंत थांबू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली म्हणून कोणी म्हणेल की जुना कायदाच गेला, तुमची केस संपली. अपघात त्याआधीचा आहे, हक्क जुन्या कायद्याखाली तयार झालेला आहे, तो जात नाही. केस अपघात झाला तिथे किंवा कामगार राहतो तिथे टाकता येते, म्हणून बालाघाट, छिंदवाडा, गोंदियाकडचे जे लोक बुटीबोरी-हिंगण्यात जखमी होऊन गावी परत जातात त्यांनी नागपूरच्या फेऱ्या परवडत नाहीत म्हणून केस सोडू नये. नागपुरात लेबर कोर्टाचे जजच कमिशनर म्हणून बसतात. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावा असं लिहिलं आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात, मनाची तयारी ठेवा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दवाखान्यापाशी फिरणारे 'निम्मे आमचे, बाकी तुम्ही टेन्शन घेऊ नका' म्हणणारे भेटले असतीलच. भरपाईची रक्कम आधीच कोणाच्या नावावर करून देता येत नाही, तिच्यावर जप्तीही येत नाही, कलम ९ आहे त्यासाठी. त्यांच्या कोणत्याही कोऱ्या कागदावर सही नको, एकदा झाली तेवढी पुरे.

आणि मधेच इन्शुरन्सवाले लोकअदालतीत बोलावतील. जा, ऐकून घ्या. माझं मत विचाराल तर अनामिकेचा दाखला नीट असेल तर व्याजासकट ३० टक्क्यांच्या खाली हात देऊ नका, आणि जी काही रक्कम ठरेल ती कमिशनरसमोर नोंदवून भावाच्या बँक खात्यात, ठेकेदाराच्या हातून कॅश नाही. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात अपील करायचं असेल तर मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते, त्याशिवाय अपील दाखलच होत नाही. न भरता गप्प बसले तर कमिशनरकडून वसुलीचा दाखला घ्या, मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी तहसीलदार वसूल करतो. तिथे मात्र दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन विचारावं लागतं.